चार दरवेशांची बैठक : परीकथा, दुःख आणि वाचक-कट्टे

मुस्लिम मराठी साहित्याच्या चर्चेत 'वेदना' हा शब्द आपण सढळ हाताने वापरतो. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपल्या कवितेने आणि कथेने ज्या वेदनेला वाचा फोडली ती प्रामुख्याने सामाजिक आहे. दंगल, बेकारी, तलाक, वस्तीतील कोंडमारा, देशभक्तीचा पुरावा मागणारी नजर, हे त्या वेदनेचे विषय. ते लिहिले जाणे आवश्यक होते आणि आजही आहे. त्याहून आधी, १९६५ मध्ये, हमीद दलवाईंच्या 'इंधन'ने ही वाट दाखवून दिली होती.

परंतु माणसाच्या आयुष्यात दुसऱ्या जातीचे दुःखही असते. आई जाते, तरुण भाऊ जातो, सहा महिन्यांचे मूल जाते. या दुःखात कोणी आरोपी नसतो. त्याच्याविरुद्ध मोर्चा काढता येत नाही, ठराव मांडता येत नाही. अशा दुःखासाठी आपल्या मराठी लेखनात घाट जवळजवळ तयारच झाला नाही. मय्यत उठल्यानंतरच्या घराविषयी आपण फार थोडे लिहिले आहे. ही उणीव आपल्या समीक्षेला जाणवली नाही, पण आपल्या मुलामुलींना जाणवली असावी, असे त्यांच्या हातातली पुस्तके पाहून वाटते.

मुंबईच्या उपनगरांत गेल्या काही वर्षांत एकत्र वाचण्याची हौस वाढली आहे. अंधेरी-वर्सोव्याच्या कॅफेत रविवारी सकाळी टेबले जोडून पुस्तकांवर बोलणारे तरुण दिसतात. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील मराठी वाचनालयांना तर वाचक-मेळाव्यांची जुनी सवय आहे. २०२३ मध्ये जुहूच्या कैफी आझमी उद्यानात 'जुहू रीड्स' हा उपक्रम सुरू झाला. तिथे लोक झाडाखाली चटया टाकून आपापले पुस्तक मुकाट्याने वाचतात. अशा कट्ट्यांवर आपली मुले-मुलीही असतात. घरात दखनी किंवा कोकणी, शाळेत मराठी किंवा इंग्रजी, आजीकडे उर्दू, अशा तीन-चार भाषांत वाढलेली ही पिढी आहे. तिच्या पिशवीत आज ज्या प्रकारची इंग्रजी कादंबरी सापडते तिला 'कोझी फँटसी' म्हणतात. आपण तिला ऊबदार अद्भुतकथा म्हणू.

या कादंबऱ्यांत जग वाचवायचे नसते. मोठी युद्धे नसतात. एखादे चहाचे दुकान, एखादे बर्फातले खेडे, काही विचित्र पण सुस्वभावी शेजारी, पऱ्या, भुते, आणि मध्यभागी एक एकटे माणूस. ट्रॅव्हिस बाल्ड्री यांच्या 'लेजंड्स अँड लाटेज' या २०२२ च्या कादंबरीत तलवार टाकून दिलेली एक राक्षसकन्या कॉफीचे दुकान काढते. या पुस्तकाने हा प्रकार घरोघर नेला. पण वाचक-कट्ट्यावर जास्त बोलण्याजोग्या कादंबऱ्या दुःखाला हात घालणाऱ्या आहेत. त्यांतल्या दोन येथे विचारात घेतो.

पहिली, हेदर फॉसेट यांची 'एमिली वाइल्ड्स एन्सायक्लोपीडिया ऑफ फेअरीज' (२०२३). केंब्रिजची एक अभ्यासक बाई १९०९ साली उत्तरेकडच्या एका काल्पनिक बेटावर पऱ्यांचा अभ्यास करायला जाते. तळटीपांसह लिहिलेली तिची रोजनिशी म्हणजे ही कादंबरी. बाई पुस्तकी, माणसांत अवघडणारी. गावात एका जोडप्याचे मूल पऱ्यांनी पळवले आहे आणि त्याच्या जागी आपले बदली मूल ठेवले आहे. आईबाप त्या परक्या मुलाला माळ्यावर सांभाळत झिजत चालले आहेत. हा बदली मुलाचा समज युरोपात फार जुना. आजारी, मंद वाढीचे किंवा अचानक पालटलेले मूल पाहून खचलेल्या आईबापांनी आपल्या दुःखाला दिलेले ते नाव होते. आपल्याकडे विहिरीवरच्या साती आसरांनी मुलाला धरले असे म्हणत, त्यातलाच हा प्रकार. फॉसेट यांना हे कळते, आणि त्या घराचे वर्णन कादंबरीतील सर्वांत सकस भाग आहे. मात्र अभ्यासक बाई चातुर्याने मूल परत आणते आणि तो माळा पुन्हा साधा माळा होतो. त्या घरात झिजलेल्या दिवसांचे काय झाले, हे विचारायला कादंबरी थांबत नाही.

दुसरी, टी. जे. क्लून यांची 'अंडर द व्हिस्परिंग डोअर' (२०२१). वॉलेस नावाचा कठोर वकील मरतो आणि स्वतःच्याच अंत्यविधीला हजर राहतो. तिथे मोजकीच माणसे आहेत आणि कोणाचेही डोळे ओले नाहीत. मग त्याला एका चहाच्या दुकानात नेले जाते. दुकानाचा मालक ह्यूगो मृतांना पलीकडे जाण्यासाठी तयार करतो. याच दुकानात मुलगी गमावलेली एक आई रोज येऊन बसते. ह्यूगो तिला उपदेश करत नाही, घाईही करत नाही. तिच्यासमोर चहा ठेवतो आणि ती बोलेल तेव्हा ऐकतो. कादंबरीचे खरे मोल या बसण्यात आहे. पण शेवटी वॉलेसला जीवदान मिळते. चारशे पाने मरणाला सामोरे जायला शिकवून लेखक मरणच मागे घेतो. मेलेली मुलगी परत येत नाही, नायक मात्र येतो. हा भेद लेखकाला टोचला नाही, वाचक-कट्ट्याला टोचला पाहिजे.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकाला या कादंबरीत वेगळी दिसेल. वॉलेसच्या मय्यतीला माणसे नाहीत, कारण त्याने माणसे जोडली नाहीत, असा लेखकाचा हिशेब आहे. मुस्लिम वाचकाला हा हिशेब अपुरा वाटतो. जनाज्याची नमाज फर्ज-ए-किफाया आहे. काहींनी अदा केली तर सर्वांची जबाबदारी उतरते, कोणीच केली नाही तर सर्व गुन्हेगार. ज्याचे कोणी नाही त्याचाही जनाजा वस्तीवर कर्ज असतो. म्हणजे ओकेबोके अंत्यविधी पाहून क्लून मृताला दोष देतात, आपली परंपरा वस्तीला देते. एकच प्रसंग दोन संस्कृतींत असा वेगळा वाचला जातो, आणि हे बोलून दाखवण्याची जागा म्हणजे वाचक-कट्टा. तिथे गप्प बसून फक्त 'छान वाटले' म्हणणाऱ्या आपल्या वाचकाने आपल्याजवळचे मोलाचे काही सांगायचे ठेवले, असे मी समजतो.

याच शेल्फवर एक जपानी पुस्तक असते. तोशिकाझू कावागुची यांच्या कादंबरीत, जी मूळ २०१५ ची आहे, एका कॅफेच्या खुर्चीत बसून भूतकाळात जाता येते, पण कॉफी गार होण्याआधी परतावे लागते आणि काहीही केले तरी वर्तमान बदलत नाही. त्यात पऱ्या नाहीत, पण एक भूत आहे आणि नियम कडक आहे. मेलेले माणूस मेलेलेच राहते. त्याला एकदा भेटता येते, एवढेच. दुःखाच्या बाबतीत मला हे पुस्तक वरच्या दोघांपेक्षा प्रामाणिक वाटते.

आता आपल्या घरातल्या आक्षेपाकडे वळू. वडीलधारे म्हणतात, या वयात पऱ्यांच्या गोष्टी कशाला? काहीजण पुढे जाऊन विचारतात, भुताखेतांचे हे वाचणे दीनच्या दृष्टीने बरे का? पहिल्या आक्षेपामागे मराठी समीक्षेची शंभराहून अधिक वर्षांची शिकवण आहे. रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ ची. तीत अद्भुताला मुक्तद्वार होते. पुढे १८९० च्या दशकात हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो'ने वास्तवाची बाजू भक्कम केली आणि १९०२ मध्ये राजवाड्यांनी 'कादंबरी' या निबंधात अद्भुत आणि वास्तव यांचा झाडा घेतला. त्यानंतर मराठीत परी ही बालवाङ्मयात राहायला गेली. विंदा करंदीकरांनी 'परी ग परी' मुलांसाठीच लिहिले. प्रौढांसाठी अद्भुत लिहिणारे जी. ए. कुलकर्णी अपवाद ठरले. त्यांच्या १९७५ च्या 'रमलखुणा'तील 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दीर्घकथांत दुःखाला दिलासा नाही, पण आकार आहे. पुस्तकाच्या नावातला रमल हा शब्दही अरबीतून आलेला आहे. आपण मुस्लिम मराठी लेखकांनी वास्तववादाचा हा वारसा प्रबोधनाच्या निकडीपोटी आणखी कडकपणे पाळला. त्यात आपल्याच घरातली परी आपण परकी केली. परी हा शब्दच मुळात फारसी आहे.

दुसऱ्या आक्षेपाविषयी मी फतवा देणार नाही, तो माझा अधिकार नाही. एवढे मात्र लक्षात आणून देतो की जिन्न हा आपल्या श्रद्धेचा विषय आहे आणि परी हा किश्श्याचा, आणि आपल्या पूर्वजांनी या दोहोंत गल्लत केली नाही. कुरआनने हजरत यूसुफच्या कथेला सर्वोत्तम कथा म्हटले आहे. त्या कथेत हजरत याकूब मुलाच्या विरहात इतके रडतात की त्यांची दृष्टी जाते. रडूनही त्यांचा सब्र सब्रच राहतो. पैगंबरांनीही आपल्या इब्राहिम या तान्ह्या मुलाच्या मरणावर अश्रू ढाळले होते. दुःख सांगणे आणि ऐकणे याला आपल्याकडे मज्जाव कधीच नव्हता.

आणि परी, दुःख व बैठक हे तिन्ही एकत्र असलेले पुस्तक तर आपल्याच कपाटात आहे. मीर अम्मन यांचे 'बाग-ओ-बहार', म्हणजे चार दरवेशांचा किस्सा. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात हे उर्दू गद्य सिद्ध झाले. ग्रंथनामातून निघणारे वर्ष १२१७ हिजरी आहे, म्हणजे इसवी सन १८०२. मुंबईला हा किस्सा अपरिचित नाही. येथील होमी वाडिया यांनी १९५६ मध्ये 'हातिमताई' आणि १९६४ मध्ये 'चार दरवेश' हे बोलपट काढले होते. पण पडद्यावर उडते गालिचे आणि जादू आली, बैठक हरवली. किश्श्याचा जीव बैठकीत आहे.

रूमचा बादशहा आझाद बख्त याला मूलबाळ नाही. आरशात पहिला पांढरा केस दिसतो आणि त्याचे मन उडते. रात्री वेश पालटून तो कबरस्तानाकडे निघतो. वादळी वारा सुटला आहे, तरी दूर एक दिवा स्थिर जळताना दिसतो. जवळ जाऊन पाहतो तर चार फकीर कफनी पांघरून, गुडघ्यांत मान घालून मुके बसले आहेत. बादशहा आडोशाला उभा राहतो. इतक्यात एकाला शिंक येते, तो अल्लाहचे आभार मानतो, त्या आवाजाने बाकीचे तिघे भानावर येतात. दिवा सारखा करतात, हुक्के भरतात आणि ठरवतात की रात्र मोठी आहे, प्रत्येकाने आपली कहाणी सांगावी. चौघेही प्रियजनाला मुकलेले आहेत. चौघेही जीव देण्याच्या बेतात असताना हिरव्या वेशातल्या, चेहरा झाकलेल्या स्वाराने त्यांना अडवले आहे आणि सांगितले आहे की रूमला जा, तुझ्यासारखे आणखी भेटतील.

मला वाटते, वाचक-कट्टा कसा असावा याचा याहून नेमका नकाशा नाही. जुहूच्या उद्यानात लोक मुकाट्याने वाचतात, ते शिंकेपूर्वीचे दरवेश आहेत. चौघे एकाच दिव्याभोवती आहेत, पण अजून एकमेकांचे झालेले नाहीत. त्यांना बोलते करते ती अगदी क्षुल्लक गोष्ट, एक शिंक. कट्ट्यावर पुस्तकाचे काम त्या शिंकेइतकेच असते. कादंबरी थोर असण्याची गरज नाही, तिने मान वर करायला लावली की पुरे. म्हणून क्लून किंवा फॉसेट यांच्या पुस्तकांना मी टाकाऊ म्हणत नाही.

किश्श्याची पुढची खुबी अधिक महत्त्वाची आहे. पहिल्या दोन दरवेशांच्या कहाण्या बादशहा चोरून ऐकतो. सकाळी तो चौघांना दरबारात बोलावतो. ते घाबरतात, त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. तेव्हा बादशहा त्यांना हुकूम करत नाही. त्यांची भीती जावी म्हणून आधी स्वतःची कहाणी सांगतो, आणि मग तिसरा व चौथा दरवेश बोलतात. जो अध्यक्षस्थानी आहे त्याने आधी आपले दुःख उघडे करायचे, हा या बैठकीचा नियम. आपल्या मेळाव्यांत अध्यक्ष शेवटी बोलतात आणि समारोप करतात. मुलगी गमावलेली बाई त्यांच्यासमोर काय बोलणार?

शेवट इथेही गोड आहे, हे मान्य केले पाहिजे. जिन्नांचा बादशहा मलिक शाहबाल हरवलेली सारी माणसे शोधून आणवतो, चौघांची मने भरतात. मग क्लून यांना दोष का आणि मीर अम्मन यांना का नाही? फरक वाटेत आहे. या किश्श्यात जग मऊ केलेले नाही. बादशहाच्या कहाणीतला ख्वाजा सगपरस्त आपल्या दोन दगलबाज भावांना पिंजऱ्यात ठेवतो आणि कुत्र्याचे उष्टे खाऊ घालतो. सख्ख्या भावांनी केलेला घात आणि त्याचा असा सूड, दोन्ही समोर मांडलेले आहेत. कोणी सुस्वभावी शेजारी येऊन ते पुसून टाकत नाही. मीलन शेवटच्या थोड्या पानांत येते आणि ते कृपेने येते, नायकाने छान वागल्याचे बक्षीस म्हणून नव्हे. ऊबदार कादंबरीत दुःख सुरुवातीची काही प्रकरणे असते आणि पुढे चहा, शेजार व प्रेम असते. किश्श्यात ते प्रमाण उलट आहे.

मीर अम्मन यांना हे साधले, कारण ते स्वतः उजाड झालेले गृहस्थ होते. सूरजमल जाटाने त्यांची जहागीर घेतली, अहमदशाह दुर्रानीच्या स्वारीत घर लुटले गेले. दिल्ली सुटली, अझीमाबादला काही वर्षे गेली, आणि कुटुंब मागे ठेवून ते कलकत्त्यात नोकरीला लागले. हे सारे त्यांनी प्रस्तावनेत थोडक्यात, कांगावा न करता सांगितले आहे. त्याच प्रस्तावनेत ते म्हणतात की हा किस्सा अमीर खुसरो यांनी आजारी हजरत निझामुद्दीन औलियांच्या मनरिझवणीसाठी सांगितला आणि बरे झाल्यावर हजरतांनी दुआ दिली की जो हा किस्सा ऐकेल तो तंदुरुस्त राहील. संशोधक ही हकीकत मानत नाहीत आणि ते बरोबरच आहे. पण गोष्ट आजाऱ्याच्या उशाशी बसून सांगण्याची चीज आहे हा समज त्या काळच्या समाजात किती खोल होता, ते तिच्यावरून कळते.

दुःखात एकत्र वाचणे हे आपल्या समाजाला नवे नाही. मय्यतीनंतर अनेक घरांत कुरआनख्वानी होते. तीस सिपारे तीस हातांत वाटले जातात आणि एकट्याला जे दिवसभर लागले असते ते तासाभरात पुरे होते. मसलकाप्रमाणे रीत बदलते, पण सोबतीने वाचल्याने ओझे वाटले जाते हा अनुभव घरोघरचा आहे. २०२० मध्ये हेच हिरावले गेले. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने करोनाने मेलेल्या सर्वांचे, धर्म कोणताही असो, दहन करण्याचे परिपत्रक काढले आणि त्याच दिवशी मागे घेतले. मालाडच्या मालवणीत एका वृद्धाला कबरस्तानात जागा मिळाली नाही, अखेर त्याचे दहन झाले. वांद्र्याच्या कबरस्तानांत दफनाला मनाई करावी म्हणून काहीजण उच्च न्यायालयात गेले होते, ती मागणी २२ मे २०२० रोजी न्यायालयाने फेटाळली. हक्काची लढाई जिंकली गेली. पण गुसल नाही, खांदा द्यायला चार माणसे नाहीत, सिपारे वाटायला शेजार नाही, असे जे मृत्यू झाले, त्यांचे दुःख कोणत्या निकालाने हलके झाले? परिपत्रकाबद्दल आपण लिहिले आणि बोललो. त्या घरांबद्दल नाही.

त्या घरांतली मुले आज वीस-पंचवीस वर्षांची आहेत. अंधेरीच्या कॅफेत ती परीकथेवर बोलतात, तेव्हा कशावर बोलत असतील याचा अंदाज कठीण नाही. बर्फातल्या खेड्यातले पळवलेले मूल हे एक निमित्त असते. बापाच्या मय्यतीला जाऊ न शकलेल्या मुलीला सरळ बोलता येत नाही, पात्राच्या आडून बोलता येते. परीचा उपयोग इथे आहे. ती दुःखाला चेहरा झाकून सभेत येऊ देते, किश्श्यातल्या त्या स्वारासारखी. त्यामुळे 'हे पलायनवादी साहित्य' असा शिक्का मारून आपली समीक्षा मोकळी होणार असेल, तर तिने पुस्तक पाहिले आणि वाचणारा पाहिला नाही असेच म्हणावे लागेल.

अपेक्षा मात्र दोन्हीकडून आहेत. कट्ट्यावरच्या तरुणांनी ऊब मिळाली एवढ्यावर समाधान मानू नये. ही कादंबरी कोणाचे मरण मागे घेते आणि कोणाचे घेत नाही, हे विचारावे. मय्यतीला माणसे नसणे हा कोणाचा दोष, हे विचारावे. आणि एखादा महिना 'बाग-ओ-बहार'ला द्यावा. ज्यांना उर्दू लिपी येत नाही त्यांच्यासाठी घरातल्या आजी-आजोबांना कट्ट्यावर आणून त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे आणि आपण मराठीत बोलावे. हा किस्सा मुळात ऐकण्यासाठीच रचलेला आहे.

आपल्या लेखकांचे काम याहून अवघड आहे. कोकणी आणि दखनी घरांतल्या आज्यांकडे जिन्न-पऱ्यांच्या, विहिरीतल्या आसरांच्या, पिराच्या झाडाच्या गोष्टी अजून आहेत. त्यांना जमातीचे मागासलेपण समजून आपण साहित्याबाहेर ठेवले. त्या गोष्टी घेऊन, आजच्या जोगेश्वरीतल्या किंवा मुलुंडमधल्या घरातले मरण मराठीत लिहिता येईल. सामाजिक वेदनेचे लेखन त्याने दुबळे होणार नाही. ज्या समाजाचा अपमान आपण लिहिला, त्या समाजाला आई मेल्यावर रडूही येते, हे वाचकाला त्यातून कळेल.